कृपया वैयक्तिक घेऊ नये

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं ॲडमिनपद मला बिनविरोध मिळालं. बिनविरोध मिळालेल्या पदाचा अर्थ सुज्ञांना सांगायला नको.

आमच्याकडे शिवीगाळ मुळीच होत नाही. कोथरूडातली सोसायटी आहे. इथे माणसाची सालं काढायची असली, तरी आधी हात जोडतात. परवा दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, ‘मा. सभासद, आपल्या कुंड्यांचे पाणी आमच्या पापडांवर कृपावर्षाव करीत आहे. कृपया वैयक्तिक घेऊ नये.’ सोबत ओल्या पापडांचा फोटो; मागे वरच्या गॅलरीतली तुळस स्पष्ट दिसेल असा. वरच्या मजल्यावरून चार मिनिटांत उत्तर : ‘पापड ज्या ग्रिलवर आहेत, ती बाहेर काढण्यास परवानगी देणाऱ्या ठरावाची प्रत मिळावी, ही नम्र विनंती.’ मग एका निवृत्त साहेबांनी १९६० चा सहकारी संस्था कायदा काढला. मध्येच कुणीतरी सूर्यफुलावर ‘शुभ सकाळ’ टाकलं. दुपारचे तीन वाजले होते.

सभासदाने काही टाकलं म्हणून केवळ ॲडमिनला गुन्हेगार धरता येत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलंय. मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ‘कोर्टानं सोडलं हो, काकू सोडतील का?’

२०२२ पासून ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेजही पुसता येतो. मी ठरावाचा मेसेज पुसला. पण तिथे ‘ॲडमिनने डिलीट केला’ अशी पाटी उरते, आणि ज्यांनी आयुष्यात ग्रुप उघडला नव्हता, तेही ‘काय होतं? काय होतं?’ विचारत आले. एकाने तत्परतेने स्क्रीनशॉट पुरवला. मी सभ्य संवादाची नियमावली टाकली. पहिली प्रतिक्रिया आली : ‘नियम दोनमध्ये वेलांटी चुकली आहे.’

शेवटी ‘फक्त ॲडमिनच लिहू शकतील’ हे बटण दाबलं. काय शांतता!

दोन दिवसांनी खाली मेथीवाल्याशी काकू आणि वरच्या मजल्यावरच्या वहिनी जोडीने घासाघीस करताना दिसल्या. मला बघून गप्प झाल्या. वॉचमन हळूच म्हणाला, ‘साहेब, नवीन ग्रुप निघालाय. सगळे आहेत, मीपण आहे. तुम्हाला घ्यायला सांगतो, पण तिथं ॲडमिन काकू आहेत. त्या आधी अर्ज मागतात.’