ब्राउझर, फायरवॉल आणि ती टिकमार्कची खूण : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया सविस्तर आणि जरा तापलेली आहे, म्हणून उत्तरही ऐसपैस देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं : ‘फायरवॉलच्या परवानगीच्या यादीत ब्राउझर नसला तरी चालतं’ हे मी माझ्या लेखात लिहिलं ते बेजबाबदार आहे. (फायरवॉल म्हणजे कुठली जोडणी सोडायची, कुठली अडवायची हे ठरवणारा मशीनचा पहारेकरी.) तुम्ही क्रोम ब्लॉक करून पाहिलं आणि एकही पान उघडेना. शिवाय घरी राउटर असताना त्या यादीत ब्राउझरसमोर टिकमार्क केला तर काय बिघडतं, असाही तुमचा सवाल आहे.

आधी तुमच्या प्रयोगाबद्दल. तुम्हीच लिहिलंय की ‘आउटबाउंड रूल्स’मध्ये, म्हणजे बाहेर जाणाऱ्या जोडण्यांच्या नियमांमध्ये, जाऊन क्रोमसाठी मनाईचा नवा नियम केला. मग पानं बंद पडणारच! मी लिहिलं होतं ते ‘अलाउ ॲन ॲप’च्या यादीबद्दल, आणि ती यादी इनबाउंडची आहे, म्हणजे बाहेरून कुणी आपणहून तुमच्या मशीनशी संपर्क साधू पाहिला तर काय करायचं याची. विंडोजची फायरवॉल मुळात बाहेर जाणारं सगळं सोडते आणि आत येणारं, नियम नसेल तर, अडवते. मॅकची अंगभूत फायरवॉल तर फक्त आत येणाऱ्या जोडण्यांकडेच बघते. तुम्ही वेगळ्याच दाराला कुलूप घातलंत आणि दोष माझ्या लेखाला दिलात.

‘पण पानातला मजकूर आतच येतो ना?’ हा तुमचा प्रश्न मात्र रास्त आहे, आणि गोंधळाचं मूळही तिथेच आहे. कमांड प्रॉम्प्ट उघडा, ‘नेटस्टॅट’ ही कमांड ‘-एएनओ’ जोडून चालवा. ब्राउझर सुरू असेल तर अशा ओळी दिसतील : डावीकडे तुमच्या मशीनचा पत्ता आणि ५०,०००च्या आसपासचा कुठला तरी पोर्ट (जोडणीच्या दाराचा क्रमांक), उजवीकडे साइटचा पत्ता आणि तिचा पोर्ट ४४३, त्यापुढे ‘एस्टॅब्लिश्ड’, म्हणजे जोडणी झालेली. तो डावीकडचा पोर्ट विंडोजने ४९१५२ ते ६५५३५ यांमधून तेवढ्यापुरता उचलून दिलेला असतो. जोडणी तुमच्या बाजूने सुरू झाली याची नोंद फायरवॉल ठेवते. त्याच पत्त्यावरून, त्याच पोर्टवर उत्तर आलं की आत सोडते. त्यासाठी इनबाउंड नियम लागत नाही. ‘लिसनिंग’ असं लिहिलेल्या ओळी वेगळ्या. तिथे एखादा प्रोग्रॅम कुणाच्या तरी हाकेची वाट बघत बसलेला असतो, आणि परवानगीची यादी अशांसाठी आहे. पानं उघडण्यासाठी ब्राउझरला असं बसावं लागत नाही.

अपवाद आहे, तो सांगतो. इनबाउंड नियमांच्या यादीत क्रोम किंवा एजच्या नावाने ‘एमडीएनएस-इन’ असा नियम सापडेल, यूडीपी ५३५३ पोर्टचा (यूडीपी आणि टीसीपी या डेटा पाठवायच्या दोन पद्धती). घरातला टीव्ही वगैरे उपकरणं शोधायला तो लागतो. टीव्हीवर व्हिडिओ पाठवत असाल तर राहू द्या, फक्त ‘प्रायव्हेट’ नेटवर्कपुरता. ‘पब्लिक’वर टिकमार्क कशाला? व्हिडिओ कॉलचीही काळजी नको, तिथेही सुरुवात तुमच्याच बाजूने होते आणि थेट जोडणी जमली नाही तर मधला सर्व्हर कामाला येतो.

आता राउटर. तो बाहेरच्यांना बऱ्यापैकी अडवतो, पण त्याच वायफायवरच्या दुसऱ्या मशीनला नाही. २००३चा ब्लास्टर वर्म (आपणहून पसरणारा घातक प्रोग्रॅम) १३५ पोर्टमधून पसरला, २०१७चं वॉनाक्राय ४४५मधून. दोन्ही वेळा वापरकर्त्याने काही क्लिक करायचीही गरज नव्हती, ऐकत बसलेली सेवा आणि उघडा पोर्ट एवढं पुरलं. ब्लास्टरनंतर वर्षभरात, विंडोज एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २पासून, मायक्रोसॉफ्टने फायरवॉल आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली ती उगाच नाही. ब्राउझरच्या टिकमार्कने असंच होईल असं मी म्हणत नाहीये. कुणी ऐकतच नसेल तर नुसत्या परवानगीने काही उघडत नाही. पण ज्या परवानगीचा उपयोग नाही ती द्यायची कशाला, एवढंच माझं म्हणणं.

ऑफिसच्या आयटीवाल्यांनी ‘ब्राउझर अलाउ करा’ म्हटलं, तेही बरोबरच असेल. बाहेर जाणारंही मुळातून बंद ठेवलेलं असेल तर ब्राउझरला परवानगी द्यावीच लागते : टीसीपी ८० आणि ४४३, जमल्यास यूडीपी ४४३. शेवटचा एचटीटीपी/३ या पानं आणायच्या नव्या पद्धतीसाठी. तो अडवला तरी ब्राउझर मुकाट्याने टीसीपीवर येतो. मॅकवर लिटल स्निचसारखं, बाहेर जाणाऱ्या जोडण्यांवरही नजर ठेवणारं काही वापरणाऱ्यांचंही हेच. घरच्या विंडोजला हे लागू नाही.

आणि ‘ब्राउझर ब्लॉक केला तर व्हायरस येणार नाही’ हे प्रतिक्रियेतलं वाक्य कृपया पुढे कुणाला सांगू नका. तुम्ही स्वतः डाउनलोड केलेली फाइल त्याच ४४३वरून, एन्क्रिप्ट होऊन, म्हणजे मधल्या कुणाला वाचता येणार नाही अशा रूपात, येते. फायरवॉलला ती पानासारखीच दिसते. तिथे ब्राउझरचे अपडेट आणि आपलं डोकं हेच कामाचं.

तर तो आउटबाउंड नियम काढून टाका, क्रोम लगेच चालेल. मागे कधी फायरवॉलच्या परवानगी विचारणाऱ्या पॉपअपवर ‘कॅन्सल’ दाबलं असेल तर इनबाउंडमध्ये क्रोमच्या नावाने मनाईचे दोन नियम दिसतील, एक टीसीपीचा, एक यूडीपीचा. त्यांना हात लावू नका. उद्या टीव्ही सापडेनासा झाला तर मात्र आधी तेच काढा, कारण परवानगीचा नियम शेजारी असला तरी मनाईचाच चालतो.