खुलासा: ‘टिटिव्हेट’ म्हणजे चाळवणे नव्हे

‘टिटिव्हेट हे इंग्रजी क्रियापद चावट आहे, चारचौघांत वापरू नका,’ असा संदेश फिरतो आहे. तो चुकीचा आहे. घोळ ‘टिटिलेट’मुळे होतो. ते लॅटिनमधल्या ‘गुदगुल्या करणे’ या अर्थाच्या क्रियापदावरून आले; अर्थ चाळवणे, उत्तेजित करणे. ही गल्लत इंग्रजी मातृभाषा असलेलेही करतात.

‘टिटिव्हेट’ म्हणजे नट्टापट्टा, तोही बारीकसारीक: बट पुन्हा बसवणे, कॉलर नीट करणे, परत आरशात डोकावणे. आधीच बऱ्या असलेल्या गोष्टीवर शेवटचा हात फिरवणे, ही त्यातली खरी छटा. 19व्या शतकाच्या सुरुवातीला ते ‘टिडिव्हेट’ असेही लिहीत. बहुधा ‘टायडी’ला (नीटनेटके) ‘कल्टिव्हेट’सारखे शेपूट जोडलेले. खोली किंवा जुनी टोपी सजवण्यालाही ते चालते. जवळच्या अर्थाचे ‘प्रिम्प’ मात्र सहसा स्वतःच्या केसा-चेहऱ्यापुरते. तसेच ‘प्रीन’ हे मुळात पक्ष्याने चोचीने पिसे साफ करण्याचे. माणसाला लावले की स्वतःवर खूश असल्याचा टोमणा येतो.

‘टिटिव्हेट’चा सूर किंचित थट्टेचा असतो, त्यामुळे कार्यालयीन पत्रात ते विचित्र दिसेल. अश्लील मात्र अजिबात नाही.