डबा कोणी खाल्ला, हे मी लेकीला विचारलेलं नाही

गेल्या महिन्यात पाच वेळा माझ्या लेकीचा डबा शाळेत दुसऱ्याच कोणीतरी खाल्ला. ती पाचवीत आहे. पहिले दोन आठवडे आम्हाला घरी पत्ताच नव्हता. आता सगळं मिटलंय, म्हणून शांतपणे लिहायला बसलोय. पण मधल्या काळात पालकांच्या ग्रुपवर जे वाचलं ते डोक्यातून जात नाही.

आमच्याकडे डबा मी करतो. बायको नर्स आहे, रात्रपाळी असली की घरी यायला तिला साडेआठ वाजतात. लेकीची रिक्षा सहा वीसला नाक्यावर येते. म्हणजे पाचला उठायचं, रात्री मळून ठेवलेली कणीक फ्रीजमधून काढायची, तीन पोळ्या लाटायच्या, आदल्या दिवशी मोड काढून ठेवलेली मटकी फोडणीला टाकायची. डब्याच्या छोट्या कप्प्यात लोणच्याची एक फोड. डब्याखाली पांढरा रुमाल.

त्या रुमालावरूनच खरं तर मला कळायला हवं होतं. रोज तो चुरगळलेला, तेलाचे पिवळे डाग घेऊन दप्तराच्या तळाशी सापडतो. एका मंगळवारी तो चौपदरी घडी करून डब्याखाली नीट ठेवलेला होता. डबा चाटूनपुसून साफ, लोणचं तेवढं तसंच. मला बरं वाटलं, पोरगी शहाणी झाली म्हणून. पुढच्या आठवड्यात पुन्हा तशीच घडी. त्या दिवशी लेक एक वाजता घरी आली आणि दप्तरही न उतरवता ओट्यापाशी उभी राहून सकाळची उरलेली पोळी कोरडीच खायला लागली. बायकोने मला संध्याकाळी सांगितलं. वाढीचं वय आहे, असं म्हणून दोघांनीही सोडून दिलं.

मग एका गुरुवारी रिक्षावाल्या काकांचा फोन आला. येताना वाटेत लेकीला उलटी झाली होती. पोटात अन्न नव्हतंच, नुसतं पिवळं पाणी पडलं, म्हणाले. रात्री तिला जवळ घेऊन विचारलं तेव्हा बांध फुटला. पीटीच्या तासाला सगळे मैदानावर जातात, परत येईपर्यंत डबा रिकामा झालेला असतो. असं चारदा झालं होतं. सांगितलं का नाहीस? तर म्हणाली, "बाबा, तू पाचला उठून करतोस ना, तुला वाईट वाटलं असतं." आणि दुसरं कारण, वर्गात नाव सांगणाऱ्याला चुगलीखोर म्हणतात.

म्हणजे तिला नाव माहीत होतं. मी ते विचारलं नाही. त्या रात्री विचारलं असतं तर रागाच्या भरात मी सरळ कोणाच्या तरी दारात जाऊन उभा राहिलो असतो.

ज्या आईबापांच्या घरी हे होतंय त्यांना मी पहिली गोष्ट हीच सांगेन. डबा गेला की आधी आपल्या पोराकडे बघा. माझी लेक दोन आठवडे सकाळी सहा ते दुपारी एक उपाशी राहत होती आणि वर खोटं बोलायचं ओझंही वाहत होती. "तुझंच लक्ष नसतं", "दप्तर सांभाळता येत नाही का" ही वाक्यं आपल्या तोंडातून फार पटकन येतात. एकदा ती ऐकली की मूल पुढचं काही सांगत नाही.

बायकोने ग्रुपवर साधं विचारलं होतं की आणखी कोणाच्या मुलांचे डबे जातायत का. अर्ध्या तासात चाळीसेक मेसेज. तिघांचे डबे गेले होते, हे त्यातून कळलं, तेवढं चांगलं झालं. बाकी काय होतं? सगळ्यांची दप्तरं वर्गात उघडून तपासा. वर्गात कॅमेरे लावा. आणि मग एका ताईंनी लिहिलं, "ती आरटीईवाली मुलं असतील, दुसरं कोण." खाली सात अंगठे.

मला ते वाचून जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने, म्हणजेच आरटीईने, विनाअनुदानित खाजगी शाळांतल्या पहिल्या पायरीच्या वर्गात पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवल्या. ती मुलं लॉटरीत नाव लागून, कागदपत्रांच्या पडताळणीतून पार पडून आत आलेली आहेत. आपल्या मुलांच्या शेजारी बसतात, तीच पुस्तकं वाचतात. कोणाचा डबा गेला की पुरावा नाही, साक्ष नाही, आणि बोट मात्र त्यांच्याकडे! त्याच ग्रुपवर त्या मुलांचे आईवडीलही आहेत. सातव्या अंगठ्यापर्यंत त्यांनी काय सोसलं असेल?

एका बाबांनी तर भाजीत जुलाबाचं औषध घालून पाठवा, चोर आपोआप सापडेल, असा सल्ला दिला. हसण्याच्या खुणा टाकून. हा सल्ला मी आयुष्यात अनेकदा ऐकलाय, ऑफिसच्या फ्रीजबद्दलसुद्धा. म्हणून स्पष्ट लिहितो, तो गुन्हा आहे. इजा व्हावी म्हणून एखाद्याच्या पोटात अपायकारक औषध जाईल अशी व्यवस्था करणं भारतीय न्याय संहितेच्या कलम १२३ खाली येतं आणि शिक्षा दहा वर्षांपर्यंत आहे. उलट त्याच संहितेत सात वर्षांखालच्या मुलाचं कोणतंही कृत्य गुन्हा मानलेलं नाही. सात ते बारा वयातही मुलाला आपल्या कृत्याची पुरेशी समज आली नसेल तर ते गुन्हा ठरत नाही. म्हणजे मटकी खाणारं दहा वर्षांचं पोर कायद्याच्या नजरेत बहुधा सुटेल, आणि त्यात औषध कालवणारा बाप अडकेल. जुलाबाने लहान मुलाच्या अंगातलं पाणी किती झपाट्याने कमी होतं, हे माझी बायको वॉर्डात बघते.

औषध तर दूरच राहिलं, आपल्या साध्या भाजीतही धोका असतो. आपण कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, खिचडीत सढळ हाताने शेंगदाण्याचं कूट घालतो. ज्या मुलाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे त्याने दुसऱ्याचा डबा उघडून खाल्ला तर जिवावर बेतू शकतं. शाळेने डब्यांची चोरी गंभीरपणे घ्यायला हवी ती मला विचाराल तर यासाठी.

दप्तरं तपासण्याबद्दल. शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ मुलांना मारण्यावर बंदी घालतं, तशीच मानसिक छळावरही. चाळीस मुलांसमोर एकाचं दप्तर उलटं करून "हाच तो" म्हणणं यापेक्षा मोठा छळ कोणता? दहाव्या वर्षी चिकटलेलं 'डबाचोर' हे नाव दहावीपर्यंत सुटत नाही. माझ्या स्वतःच्या वर्गात असा एक मुलगा होता. त्याने खरंच घेतलं होतं की नाही हे आम्हाला कधीच कळलं नाही, तरी सातवीपर्यंत त्याच्या शेजारी डबा घेऊन कोणी बसलं नाही. मीही नाही.

मधे आम्ही एक चूक केली, तीही सांगतो, कारण हा सल्ला सगळे देतात. आजी म्हणाली, दोन पोळ्या जास्त दे, ज्याला हवं त्याला दे म्हणावं. मला पटलं. मी पाच पोळ्या दिल्या, लेकीला म्हटलं, ज्याला भूक लागते त्याला बोलाव. तिने मधल्या सुट्टीत सगळ्यांदेखत विचारलं. त्या मुलाने की मुलीने, मला माहीत नाही, नको म्हटलं. दोन दिवसांनी पीटीच्या तासाला डबा पुन्हा रिकामा. रुमालाची घडी तशीच. हा पाचवा डबा. गुपचूप खाता येतं, पण सगळ्यांसमोर हात पुढे करून घेता येत नाही. दहा वर्षांच्या पोरालाही अब्रू असते. आणि ते ओझं मी माझ्या लेकीच्या डोक्यावर ठेवलं होतं, हेही चुकलंच.

शेवटी मी ग्रुप बंद ठेवून वर्गशिक्षिकांना एकटा जाऊन भेटलो. कोणी, हे विचारत नाही म्हटलं, फक्त तारखा आणि तास लिहून आणले आहेत. कागद त्यांच्या पुढे ठेवला. पाचही वेळा पीटी, म्हणजे सकाळी पावणेनऊच्या सुमारास. मिसनी तो कागद बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "मधली सुट्टी दहा दहाला आहे."

तेवढ्यावर दोघांनाही कळलं. चौथीपर्यंत शाळा सकाळी नऊला किंवा त्यानंतर भरवायची, असा आदेश सरकारने २०२४ मध्ये काढला. त्यामुळे गेल्या वर्षी लेक घरून पोहे किंवा उपमा खाऊन जायची. पाचवीपासून पुन्हा सातची शाळा. जी मुलं लांबून येतात ती पावणेसहाला व्हॅनमध्ये बसतात. त्या वेळी कोणाच्या घशाखाली काही उतरतं का? काही घरांत तेवढ्या पहाटे करून देणारं माणूसही नसतं. कोणाची आई पहिल्या पाळीला, कोणाचा बाप रात्रपाळीहून यायचाय. पावणेसहा ते दहा दहा म्हणजे जवळपास साडेचार तास, त्यात मैदानावरची धावपळ. आपण मोठी माणसं ऑफिसात इतका वेळ चहा-बिस्किटाशिवाय काढतो का?

गरिबी असेलही. नसेलही. मिसनी सांगितलं नाही, आणि सांगितलं नाही याबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

पण शाळेत मूल उपाशी राहू नये, ही जबाबदारी या देशाने कधीच मान्य केलेली आहे. १५ ऑगस्ट १९९५ ला शाळेतल्या मुलांच्या माध्यान्ह भोजनाची योजना देशपातळीवर सुरू झाली. २८ नोव्हेंबर २००१ ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कोरडं धान्य घरी देऊन भागणार नाही, मुलांना शाळेत शिजवलेलं अन्न मिळालं पाहिजे. त्यातूनच आपली शालेय पोषण आहाराची खिचडी आली. पाचवीपर्यंतच्या मुलाला दिवसाला ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं, सहावी ते आठवीला ७०० कॅलरी आणि २० ग्रॅम प्रथिनं, असं गणित ठरलेलं आहे. पण ही खिचडी सरकारी आणि अनुदानित शाळांत शिजते. आमच्यासारख्या विनाअनुदानित शाळेत नाही. म्हणजे आरटीईतून आलेल्या मुलाची फी सरकार भरतं, पण तेच मूल जिल्हा परिषदेच्या किंवा महापालिकेच्या शाळेत गेलं असतं तर मिळालं असतं ते ताट इथे मिळत नाही. वर डबा गेला की संशयही त्याच्यावरच. हे मला मान्य नाही, आणि पालकसभेत मी ते बोलणार आहे. फी वाढते तेव्हा आपण सगळे एकत्र येतो, तर वर्गात एक फुटाण्याचा आणि एक केळ्यांचा डबा कायम ठेवायला किती खर्च येईल, हे एकदा तरी बसून बघू.

मिसनी वाट बघितली नाही. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी साडेआठला दहा मिनिटांची खाऊची सुट्टी सुरू केली. सगळ्यांना, नियम म्हणून. त्यांच्या टेबलाखाली खाऊचा एक मोठा डबा असतो. ज्याने आणलं नाही त्याने न विचारता त्यातून घ्यायचं, आणि मिस स्वतः पहिली मूठ घेतात. पीटीला जाताना सगळे डबे एका क्रेटमध्ये ठेवून शिपाई मावशींच्या खोलीत जातात. बाकी चौकशी नाही, भाषण नाही. ग्रुपवर दोघांनी विचारलं, "मग सापडला का?" मी उत्तर दिलं नाही.

तीन आठवडे झाले, वर्गातला एकही डबा गेलेला नाही. लेकीने काल आपणहून सांगितलं की खाऊच्या सुट्टीत तिच्या बाकावर आता तिघं बसतात, आणि तिला उद्या मटकी जास्त हवी आहे, कारण कोणालातरी ती आवडते. बरं म्हटलं. आज भांडी घासताना रुमाल काढला, तर चुरगळलेला, एका कोपऱ्याला लोणच्याचं तेल.