‘बघा, काही झालं नाही ना त्याला?’

काल सणाच्या जेवणाला आलेल्या एका गृहस्थांनी, मी स्वयंपाकघरात गेल्याची संधी साधून, बेदाणे घातलेल्या केकचा भलामोठा तुकडा टेबलाखालून आमच्या कुत्र्याला भरवला, आणि मी परतल्यावर ‘बिचारा किती आशेने बघत होता हो’ असे वर मलाच ऐकवले. दारातच हात जोडून सांगितले होते की त्याला काहीही देऊ नका. त्यावर त्यांनी मानही डोलावली होती. केकमध्ये बेदाणे किती होते, हे विचारले तर ‘असतील चार-दोन, एवढ्याने काय होतंय’ असे उत्तर मिळाले, आणि ते देताना त्यांचे स्वतःचे खाणे क्षणभरही थांबले नाही.

त्यानंतर भरल्या ताटावरून उठून पशुवैद्यांकडे धावणे, उलटी करवण्याचे इंजेक्शन, मूत्रपिंडांसाठी रक्ताची तपासणी, हे सारे यथासांग पार पडले. पोटातले वेळेवर बाहेर निघाले, म्हणून निभावले. पण घरी येतो तो हे गृहस्थ सोफ्यावर रेललेले, आणि कुत्रा शेपटी हलवत आत शिरताच त्यांनी विजयी मुद्रेने उद्गार काढले, ‘बघा, काही झालं नाही ना त्याला? उगाच जेवण टाकून पळालात!’ या एका वाक्याने माझ्या मस्तकात जी तिडीक गेली, ती हे लिहितानाही उतरलेली नाही. विष पोटात भिनण्याआधी काढून टाकले म्हणून कुत्रा धडधाकट राहिला, आणि तो धडधाकट राहिला हाच म्हणे विष नव्हते याचा पुरावा! म्हणजे आम्ही काळजी घेतली तर आम्ही घाबरट, आणि न घेता कुत्रा दगावला असता तर हेच गृहस्थ ‘तुमचं लक्ष नको का?’ असे विचारायला सर्वांत पुढे. शिवाय द्राक्षे आणि बेदाणे नेमके कोणत्या कुत्र्याला किती बाधतील, याचा अंदाजच करता येत नाही. एखादा मूठभर पचवतो, तर दुसऱ्याची मूत्रपिंडे थोड्याशानेही निकामी होतात, आणि तेही एक ते तीन दिवसांनी, म्हणजे पाहुणे हात धुऊन आपापल्या घरी गेल्यावर.

‘आमच्याकडचा कुत्रा सगळं खायचा’ ही दंतकथा तर प्रत्येक सणाला कोणी ना कोणी सांगतोच. तो कुत्रा कशाने गेला, हे मात्र कोणी सांगत नाही.

मागच्या सणाला एका बाईंनी मांजराला कांदा-लसणात शिजवलेल्या मांसाचे तुकडे चारले होते, आणि ‘शिजवल्यावर कसला आलाय त्रास’ असे ठणकावले होते. शिजवल्याने कांद्याचा गुण मुळीच जात नाही. त्याने तांबड्या रक्तपेशी फुटतात, आणि मांजरांना तो कुत्र्यांहूनही लवकर बाधतो. त्याच्या आधी कोणीतरी उघडी पर्स जमिनीवर ठेवून गप्पा मारत बसले होते, आणि तिच्यात झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ घातलेले बिनसाखरेचे च्युइंगम होते, ज्याने कुत्र्याच्या रक्तातली साखर अर्ध्या तासातही कोसळू शकते. शिजवलेली हाडे ‘दात मजबूत होतात’ म्हणून पुढे करणारे आणि उलटीसाठी मिठाचे पाणी पाजा, असा जीवघेणा सल्ला देणारे वेगळेच. लहान मुलांना मात्र मी या यादीत धरत नाही, कारण त्यांना एकदा सांगितलेले कळते.

या सगळ्यात माझे काय झाले आहे, तेही सांगून टाकतो. कोणी चॉकलेटचा डबा भेट आणला की आभार मानण्याआधी मी त्यावरचे कोकोचे प्रमाण वाचतो आणि मनातल्या मनात कुत्र्याच्या वजनाला भागाकार करू लागतो: किलोमागे साधारण 20 मिलिग्रॅम थिओब्रोमिनने, म्हणजे कोकोतल्या कुत्र्यांना बाधणाऱ्या द्रव्याने, विषबाधेची लक्षणे सुरू होतात, म्हणजे 70 टक्के कोकोचे गडद चॉकलेट असेल तर दहा किलोच्या कुत्र्याला 25 ग्रॅमच्या आसपास पुरे. जेवताना माझी नजर ताटांवर नसून टेबलाखालच्या हातांवर असते, आणि नातेवाईक माझ्या पाठीमागे मला हवालदार म्हणतात, हे मला ठाऊक आहे. ज्याच्यासाठी ही पहाऱ्याची नोकरी चालली आहे, तो कुत्रादेखील मलाच घरातला खलनायक समजतो आणि प्रत्येक चोरट्या अन्नदात्याच्या पायाशी लोळण घेतो.

तरीही पुढच्या सणापासून पर्सा आणि भेटींचे डबे कपाटावर चढतील, कुत्रा आणि मांजर आतल्या खोलीत राहतील, आणि त्या खोलीची किल्ली माझ्या खिशात असेल. ज्यांना यात आपला अपमान वाटेल, त्यांचे जेवण मी डब्यात भरून द्यायला तयार आहे.