आई व्हायला नकार देणारी रेचल

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय नाटककार अँजेलिना वेल्ड ग्रिम्के यांच्या ‘रेचल’ नाटकाची नायिका लग्न आणि मातृत्व दोन्ही नाकारते, म्हणून ते नाटक निराशावादी ठरवले जाते. मला हा आक्षेप अन्यायाचा वाटतो.

मार्च १९१६ मध्ये वॉशिंग्टनला एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या नाट्यसमितीने त्याचा प्रयोग केला. आदल्याच वर्षी ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ या चित्रपटाने कू क्लक्स क्लान या कृष्णवर्णीयांवर दहशत बसवणाऱ्या गोऱ्यांच्या संघटनेला नायकपद बहाल केले होते. ग्रिम्के यांनी रंगमंचावर आणले ते उत्तरेतल्या एका सुशिक्षित कृष्णवर्णीय कुटुंबाचे घर. वडिलांना आणि सावत्र भावाला दक्षिणेत जमावाने ठार मारले, हे आईने दहा वर्षे मुलांपासून लपवलेले असते. ती अखेर बोलते तेव्हा प्रेक्षकांना हत्या दिसत नाही, फक्त सांगणारी बाई दिसते. ज्या काळात झुंडबळींची छायाचित्रे पोस्टकार्डांवर छापून विकली जात होती, त्या काळात हत्या नजरेआड ठेवणे हा मला मोठा कलात्मक निर्णय वाटतो.

रेचलचा मुलांवर विलक्षण जीव आहे. तिने सांभाळलेल्या चिमुकल्या जिमीला वर्णावरून हिणवले जाते, तेव्हा ती स्वतःचे मूल या जगात न आणण्याचे ठरवते. यावर वंशाच्या आत्मघाताचा पुरस्कार केल्याची टीका झाली. आपण हे नाटक मुख्यतः गोऱ्या स्त्रियांना, त्यांच्यातल्या मातृत्वाला उद्देशून लिहिले, असे ग्रिम्के यांनी १९२० मध्ये स्पष्ट केले. म्हणजे रेचलचा नकार हा कृष्णवर्णीय स्त्रियांना दिलेला सल्ला नव्हता, तो गोऱ्या समाजावर ठेवलेला आरोप होता. झुंडबळीविरोधी डायर विधेयक १९२२ मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर होऊन सिनेटमध्ये अडवले गेले आणि तसा संघीय कायदा व्हायला २०२२ साल उजाडले, हे पाहता तो आरोप अतिरंजित म्हणवत नाही.

नाटक म्हणून त्यात दोष आहेतच. रेचलचे बोलणे फार गोड आहे आणि शेवटच्या अंकातला आक्रोश लांबतो. कृष्णवर्णीय लेखिका जॉर्जिया डग्लस जॉन्सन यांची सुमारे १९२९ ची ‘सेफ’ ही एकांकिका मला अधिक भेदक वाटते. तिच्यातली गरोदर लायझा, जमावाने ओढून नेलेल्या तरुणाने आईला मारलेली हाक ऐकते आणि मुलगा झाल्याचे कळताच आपल्याच हातांनी त्याचा गळा घोटते. ग्रिम्के तीन अंकांत जे समजावून सांगतात, ते इथे कोणी समजावत नाही. पण अशी नाटके रंगमंचावर आणायला संस्था धजावत नसत. पुढे जॉन्सन यांनी सरकारी फेडरल थिएटर प्रोजेक्टकडे पाठवलेल्या नाटकांपैकी एकाचाही प्रयोग तिथे झाला नाही.