तार जाड झाली म्हणून ट्रस रॉड पिळायचा नसतो

‘जाड तारा लावा, पाच मिनिटांत गिटारचा आवाज दुप्पट करा’ अशा मथळ्याचा एक मेसेज सध्या फिरतोय. सहा मुद्दे, प्रत्येकापुढे आगीचा इमोजी. एका ग्रुपवर आला तेव्हा मी दुर्लक्ष केलं; रोज असलं पन्नास काहीतरी येत असतं. मग तो माझ्या भाच्यापर्यंत पोचला. त्याने त्याच्या स्ट्रॅट धाटणीच्या इलेक्ट्रिक गिटारवरच्या दहाच्या तारा काढून अकराचा सेट चढवला (सेटचा आकडा म्हणजे सगळ्यात बारीक, पहिल्या तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात), तारा बोर्डापासून हातभर वर गेल्यासारख्या दिसल्या, आणि मला फोन केला: ‘‘मामा, ट्रस रॉडला (गिटारच्या दांड्यात, म्हणजे नेकमध्ये, असलेल्या धातूच्या सळईला) दोन फेरे द्यायचेत. चार एमएमची ॲलन की आहे का तुझ्याकडे?’’

आहे. दिली नाही. त्याला फोनवर जे सांगितलं तेच जरा सविस्तर इथे लिहितोय, कारण तो मेसेज अजून फिरतोच आहे आणि ॲलन की सगळ्यांच्याच घरात असते.

मेसेजमधले दावे थोडक्यात असे. एक, जाड तार म्हणजे जाड टोन, सगळे मोठे गिटारिस्ट जाड तारांवरच वाजवतात. दोन, तारा वर गेल्या तर ट्रस रॉड उजवीकडे दोन पूर्ण फेरे फिरवा, खाली येतील. तीन, ब्रिज (बॉडीवरचा, तारा जिथे अडकवतात तो भाग) उचलला गेला तरी काळजी नको, ट्यून करत राहा, दोन दिवसांत ‘सेट होतो’. चार, तार नटमध्ये (खुंट्यांजवळच्या, खाचा असलेल्या पट्टीत) बसत नसेल तर हॅकसॉ ब्लेडने खाच मोठी करा. पाच, इंटोनेशन (बोर्डावर वरपर्यंत सूर बरोबर लागावेत अशी जुळणी) कारखान्यात केलेलं असतं, हात लावू नका. सहा, जाड तारांनी नेक तुटते म्हणून रोज रात्री तारा सैल करून ठेवा.

आधी आकडे बघू, कारण मेसेजमध्ये ‘ताण वाढतो’ एवढंच आहे, किती ते नाही. डॅडॅरिओ ही तारा बनवणारी कंपनी आपल्या प्रत्येक तारेचा ताण छापते. २५.५ इंच स्केलच्या गिटारवर, स्टँडर्ड ट्यूनिंगमध्ये, त्यांची ०.०१० इंचाची पहिली तार साधारण १६.२ पौंडांनी ओढते आणि ०.०११ ची १९.६ पौंडांनी. तारेची जाडी दहा टक्क्यांनी वाढली आणि ताण एकवीस टक्क्यांनी. यात जादू काही नाही. सूर तोच आणि लांबी तीच असेल तर ताण तारेच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो, आणि वजन जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात. मेर्सेन नावाच्या फ्रेंच पाद्र्याने हे १६३६ मध्येच लिहून ठेवलंय. सहाही तारांची बेरीज केली तर नऊचा सेट अंदाजे ३८ किलो, दहाचा ४७ किलो आणि अकराचा ५३ किलो ओढतो. म्हणजे भाच्याच्या गिटारवर सहा किलोंचा जादा भार आला. हे सहा किलो नेमके कुठे जाणवतात, हा खरा प्रश्न आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्या उंटावरच्या शहाण्याला तो पडलेलाच नाही.

स्ट्रॅटसारख्या गिटारवर ते सगळ्यात आधी ब्रिजवर जाणवतात. ट्रेमोलो ब्रिज (दांडीने हलवून सूर वर-खाली करता येणारा) हा स्क्रूंच्या धारेवर तोललेला असतो. वरून तारा त्याला पुढे ओढतात, मागच्या पोकळीतल्या स्प्रिंगा मागे ओढतात. दोन्ही सारख्या असतील तोवर तो जागेवर. तारांचं पारडं सहा किलोंनी जड झालं की ब्रिज पुढे झुकतो, त्याची मागची कड बॉडीपासून उचलली जाते आणि त्याच्याबरोबर सॅडल, म्हणजे ब्रिजवरचे प्रत्येक तारेखालचे छोटे आधार, वर जातात. तारा बोर्डापासून लांब गेल्या त्या यामुळे. नेकचा त्यात वाटा असलाच तर फार थोडा.

आता दुसरा मुद्दा पुन्हा वाचा: तारा वर गेल्या, ट्रस रॉड फिरवा. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण बाकीच्या चुका निस्तरता येतात, ही महागात पडते. ट्रस रॉड नेकच्या आत असतो आणि त्याचं काम एकच: तारांच्या ओढीने नेक पुढे वाकते, तिला उलट जोर देऊन जवळपास सरळ ठेवणं. ‘जवळपास’ म्हणतोय, कारण नेकला हलकासा खोलगटपणा हवाच असतो. तार थरथरते तेव्हा तिला मधोमध जागा लागते. त्या खोलगटपणाला रिलीफ म्हणतात, आणि ट्रस रॉड तेवढ्यासाठीच असतो. तारांची उंची, म्हणजे ॲक्शन, सॅडलच्या बारीक स्क्रूंनी ठरते. रॉडच्या टोकाचा नट घट्ट केला की नेक सरळ होत जाते, त्यामुळे तारा खाली येतात हे खरं, पण तो परिणाम आहे, उपाय नव्हे. ब्रिजमुळे वर गेलेल्या तारा नेक पिळून खाली आणायला गेलात तर नेक आधी सपाट होईल, मग मागे वाकेल. मागे वाकलेल्या नेकवर मोकळ्या तारा आणि पहिले चार-पाच फ्रेट (बोर्डावरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) खरखरायला लागतात, काही सूर मेल्यासारखे वाजतात. तरी ब्रिज झुकलेलाच!

आणि दोन पूर्ण फेरे? दहावरून अकरावर जाताना बहुतेक नेकना पाव फेरा पुरतो, कधी तेवढाही लागत नाही. पाव फेरा द्यायचा, परत ट्यून करायचं, मोजायचं, आणि लाकूड रात्रभर स्थिरावतं म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा बघायचं. दोन फेऱ्यांत काय काय होऊ शकतं ते ऐका: रॉडच्या नटचे आटे झिजतात, षटकोनी खाच गोल होऊन जाते (इंचाच्या मापाच्या नटमध्ये जवळपास बसणारी मिलिमीटरची की घातली तर हमखास), किंवा रॉडच तुटतो. तुटलेला रॉड बदलायला बहुतेकदा फिंगरबोर्ड उखडावा लागतो. भाच्याच्या गिटारच्या किमतीत ते काम बसतच नाही. त्यापेक्षा नवी नेक घेतलेली स्वस्त.

रिलीफ मोजायला डोळा नको, फीलर गेज घ्या. वाद्यांच्या दुकानात शोधू नका, गाड्यांच्या स्पेअर पार्टवाल्याकडे मिळतं. टॅपेट सेट करायला मेकॅनिक वापरतात तेच. पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावा, सहावी तार शेवटच्या फ्रेटवर दाबा आणि आठव्या फ्रेटचा माथा व तारेचा तळ यांच्यामधली फट बघा. स्ट्रॅट बनवणारी फेंडर कंपनी साडेनऊ ते बारा इंच रेडियसच्या (बोर्डाच्या आडव्या गोलाईच्या) बोर्डासाठी ०.०१० इंच सांगते, म्हणजे पाव मिलिमीटर. जाड तारा चढवल्यावर फट त्याहून वाढली असेल तरच, आणि तेवढाच, ट्रस रॉड घट्ट करायचा. आपल्याकडे पावसाळ्यात हवा दमट झाली की नेक तशीही हलते, त्यामुळे जूनमध्ये केलेलं माप ऑक्टोबरात पुन्हा तपासायला हरकत नाही.

तर ब्रिजचं काय करायचं? मागचं प्लास्टिक झाकण काढलं की स्प्रिंगा दिसतात, बहुधा तीन, पाचपर्यंत बसतील एवढी जागा असते. त्या ज्या धातूच्या पंज्याला अडकवलेल्या असतात तो दोन लांब स्क्रूंनी लाकडात बसवलेला असतो. हे दोन स्क्रू सारखे-सारखे आवळायचे. थोडं आवळा, सहाही तारा सुरात आणा, ब्रिजची मागची कड बघा, पुन्हा थोडं आवळा. फेंडरच्या मापाने ती कड बॉडीपासून १/८ इंच, म्हणजे तीन मिलिमीटरच्या आसपास, उचललेली हवी. स्क्रू संपत आले तरी ब्रिज झुकलेलाच असेल तर चौथी स्प्रिंग घाला. सगळ्यात कंटाळवाणं काम हेच, कारण एक तार वर घेतली की ब्रिज पुढे सरकतो आणि बाकीच्या पाच खाली उतरतात. मेसेजमधल्या ‘ट्यून करत राहा, दोन दिवसांत सेट होतो’चा उगम इथेच असावा. नव्या तारा ताणून स्थिर व्हायला वेळ लागतो, एवढं अर्धसत्य त्यात आहे, मान्य. पण स्प्रिंगांचा जोर आपोआप वाढत नाही. दोन काय, वीस दिवस ठेवलात तरी ब्रिज तसाच झुकलेला राहील. ज्यांना ट्रेमोलोची दांडी कधीच वापरायची नाही त्यांनी पाच स्प्रिंगा घालून ब्रिज बॉडीला टेकवून टाकावा आणि सुखाने वाजवावं.

क्रम एवढाच लक्षात ठेवा: आधी स्प्रिंगा, मग नेक, मग सॅडलची उंची, शेवटी इंटोनेशन. उलट्या क्रमाने गेलात की पुढचं प्रत्येक काम मागचं बिघडवतं.

हॅकसॉ ब्लेड. खरंच? ०.०११ ची तार पाव मिलिमीटरहून जेमतेम जाड. हॅकसॉचं पातं अर्ध्या मिलिमीटरहून जाड, त्यात दात दोन्ही बाजूंना फाकवलेले. त्या खाचेत पहिली तार डुलत बसेल. जाड तारांच्या खाचा मोठ्या करायची वेळ येते हे नाकारत नाही. सहावी ४६ ची असताना कापलेल्या खाचेत ४९ ची बहुतेकदा बसते, ५२ किंवा ५४ ची अडकते. खुंटी फिरवताना सूर हलत नाही आणि एकदम ‘टिंग’ करून उडी मारतो, तेव्हा समजायचं की तार खाचेत चावली जातेय. पण त्या खाचेचा तळ गोल लागतो, मागे खुंट्यांच्या दिशेने किंचित उतरता लागतो, आणि खोली केसभर जास्त झाली की मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते. त्यासाठी मापाच्या नट फाइल मिळतात. त्या घ्यायच्या नसतील तर गिटार दुरुस्त करणाऱ्याकडे न्या, एवढं काम तो फार वेळ न लावता करून देतो. खोल गेलेली खाच सुपरग्लू आणि खायच्या सोड्याने भरता येते, पण ती तात्पुरती मलमपट्टी. थोडंसंच अडकत असेल तर आधी खाचेत पेन्सिल घासून बघा. मेसेजमध्ये नेमकं हेच नाही, आणि सगळ्यात स्वस्त इलाज हाच आहे.

इंटोनेशनवर फार लिहीत नाही. कारखान्यात ते कारखान्यातल्या तारांसाठी केलेलं असतं. जाड तार जास्त ताठ, दाबली की जास्त तीव्र होते, म्हणून सॅडल थोडं मागे न्यावं लागतं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता, बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर ट्यूनरवर जुळवा. दाबलेला वर दाखवत असेल तर सॅडल मागे, खाली असेल तर पुढे. बाराच्या सेटमध्ये तिसरी तार गुंडाळलेली आली असेल तर तिचं सॅडल मात्र पुढेच आणावं लागण्याची शक्यता जास्त. स्क्रू ड्रायव्हर आणि अर्धा तास.

रोज रात्री तारा सैल करण्याबद्दल: नको. नेक आणि रॉड तारांच्या ओढीशी तोलून बसवलेत, तो तोल रोज मोडायचा आणि रोज सकाळी नव्याने शोधायचा, कशासाठी? पन्नाशीच्या दशकात इलेक्ट्रिक गिटारवर बाराच्या आसपासचे, गुंडाळलेल्या तिसऱ्या तारेचे सेट सर्रास असायचे. त्या नेकवर लोक आजही वाजवतायत.

राहिला टोन. इथे थोडं मान्य करावं लागतं, नाइलाजाने. जाड तारेत धातू जास्त, पिकअपला (तारांखालच्या, आवाज टिपणाऱ्या चुंबकाला) थोडा जास्त सिग्नल मिळतो. जोरात मारल्यावर सूर कमी भरकटतो, खालच्या तारा घट्ट वाजतात. पण ‘दुप्पट’ वगैरे काही नाही, आणि पिकअप तारांच्या फार जवळ ठेवलेत तर चुंबकच तार ओढून सूर बिघडवतो. ‘सगळे मोठे गिटारिस्ट’ हे तर धादांत खोटं. ब्लूज गिटारिस्ट स्टीव्ही रे वॉन तेराच्या तारा लावायचा, हे खरं. पण तो अर्धा स्वर खाली ट्यून करायचा, आणि बोटांची सोललेली कातडी सुपरग्लूने चिकटवायचा, हे मेसेजमध्ये कोणी लिहीत नाही. झीझी टॉपचा बिली गिबन्स सातच्या तारांवर वाजवतो. त्याचा आवाज कुणाला बारीक वाटला असेल तर त्याने हात वर करावा. आणि ब्लॅक सॅबथचा टोनी आयोमी! बर्मिंगहॅमच्या कारखान्यात दोन बोटांची टोकं गेल्यावर त्याला जाड तारा दाबणंच शक्य नव्हतं. त्याने हलक्यात हलक्या तारा घेतल्या, १९७१ पासून ट्यूनिंग दीड स्वर खाली उतरवलं, आणि जगातलं सगळ्यात जड वाजणारं संगीत त्यातून निघालं.

खाली उतरवणं हाच जाड तारांचा खरा उपयोग आहे. अर्धा स्वर खाली आलात की ताण अकरा टक्क्यांनी घटतो, एक पूर्ण स्वराने एकवीस टक्क्यांनी. म्हणजे अकराचा सेट डी स्टँडर्डला (सगळ्या तारा नेहमीच्या ई स्टँडर्डपेक्षा एक स्वर खाली) लावला तर तो दहाच्या सेटपेक्षा साधारण दहा टक्के सैलच बसतो, स्प्रिंगा उलट थोड्या ढिल्या कराव्या लागतात. नटच्या खाचा आणि इंटोनेशन तेवढं बघावं लागतं. ड्रॉप सी मध्ये सहावी तार ई वरून सी ला जाते तेव्हा तिचा ताण ३७ टक्क्यांनी पडतो, तिथे ४६ ची तार दोरीसारखी लोळते आणि ५२ किंवा ५४ ची हवीच. भाच्याचा बँड सगळं ई स्टँडर्डमध्ये वाजवतो. त्याला म्हटलं, दहाचाच सेट परत लाव. आणि अकराचा ठेवायचाच हट्ट असेल तर रविवारी गिटार घेऊन ये, येताना फुलीचा स्क्रू ड्रायव्हर आण, ॲलन की नको.