‘बायोगॅस कंपनीत पैसे बुडूच शकत नाहीत’ या मेसेजला उत्तर

कागलच्या दाजींनी गेल्या आठवड्यात मला एक मेसेज पाठवला. तुमच्यापैकीही अनेकांकडे तो आला असेल, कारण आमच्या गल्लीच्या, दूध संस्थेच्या आणि रिटायर लोकांच्या अशा तिन्ही ग्रुपवर मला तो दिसला. मजकूर थोडक्यात असा: छोट्या बायोगॅस कंपनीत पैसे घाला, ते बुडूच शकत नाहीत. शेण आणि प्रेसमड (साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ) फुकट, गॅस सरकारी तेल कंपन्या घेणार, वर अनुदान, महिन्याला दीड टक्का परतावा, प्लांट डोळ्यांसमोर उभा. मोठे उद्योग या धंद्यात उतरायच्या आत शिरा.

दाजींना नुकतेच निवृत्तीचे पैसे मिळालेत आणि त्यातले 5 लाख ते घालायला निघाले होते. मी 25 वर्षं साखर कारखान्याच्या लॅबमध्ये काढली आहेत. बायोगॅस वाढावा असंच मला वाटतं. पण हा मेसेज माणसांना बुडवणारा आहे.

पहिला मुद्दा फुकट कच्च्या मालाचा. “आरं, आपल्याकडं शेण कुठं संपतंय व्हय?” असं दाजी म्हणाले. संपत नाही हे खरं, पण फुकट कोण देतं? शेणखताची ट्रॉली भाव ठरवूनच मिळते. मेसेजमधला प्लांट रोज 5 टन गॅस काढणार म्हणतात. 1 टन शुद्ध केलेल्या गॅसला साधारण 50 ते 60 टन ओलं शेण लागतं, म्हणजे रोज 250 ते 300 टन. एक म्हैस दिवसाला 10-15 किलो शेण टाकते असं धरलं तरी 20 हजारांच्या आसपास जनावरं झाली. आपल्याकडं गोठ्यात दोन-चार जनावरं असतात. इतक्या गोठ्यांतून रोज सकाळी शेण गोळा करून प्लांटवर आणायचं, तर डिझेलच किती जाईल!

मग प्रेसमड. त्याचा उतारा चांगला, 25 टनांत जवळपास 1 टन गॅस. म्हणजे रोज 125 टन, वर्षाला 45 हजार टनांवर. रोज 5,000 टन गाळप करणाऱ्या कारखान्यात 4 टक्क्यांनी 200 टन प्रेसमड निघतो. हंगाम 150 दिवसांचा धरा, 30 हजार टन झाले. अख्ख्या कारखान्याचा प्रेसमड उचलला तरी आठ महिन्यांत संपला. आणि अख्खा देतो कोण? डिस्टिलरीच्या कंपोस्टला तोच लागतो, सभासदांना शेतासाठी तोच हवा असतो.

शिवाय तो साठवून टिकत नाही. गेल्या वर्षी जूनमध्ये मी एका प्लांटवर गेलो होतो. ताडपत्रीखाली हंगामातला ढीग होता. वरचा थर काळा पडून खपली धरलेला, पण कोपरापर्यंत हात घातला तर चटका बसत होता. ती ऊब म्हणजे तिथंच कुजून चाललेला गॅस. ऑपरेटरनं मला गॅसचं मीटर दाखवलं. काट्याच्या बरंच वर काचेवर बोट ठेवून म्हणाला, “हंगामात सुई हितं असती, साहेब.” बँकेचा हप्ता मात्र जूनमध्येही तेवढाच असतो.

माल कमी पडला की प्लांटवाले मिळेल ते टाकीत ढकलतात, कधी शेण, कधी भाजी मंडईचा कचरा. डायजेस्टर, म्हणजे माल कुजवून गॅस काढणारी ही बंद टाकी, हे जनावराचं पोट आहे. म्हशीची वैरण एकदम बदलली की ती रवंथ सोडते, तसंच इथं होतं. आम्ल वाढतं, गॅस देणारे जिवाणू मंदावतात, आणि आंबलेली टाकी रुळावर यायला कित्येक आठवडे जातात. त्यात गॅसमध्ये मिसळलेला हायड्रोजन सल्फाइड हा गंजवणारा वायू नीट काढला नाही तर तो कॉम्प्रेसर आणि पाइप खातो. मोठ्या कंपनीला असे दोन महिने सोसतात. एकाच प्लांटवर उभ्या असलेल्या छोट्या कंपनीचं वर्ष जातं.

“गॅस सरकारी तेल कंपन्या घेणारच.” यात अर्धं सत्य आहे. तेल कंपन्यांनी बायोगॅस विकत घ्यायची ‘सतत’ योजना 1 ऑक्टोबर 2018 ला सुरू झाली, तेव्हा किलोला 46 रुपये आणि वर जीएसटी असा दर होता. सिटी गॅसमध्ये, म्हणजे शहरातल्या सीएनजी आणि पाइपच्या गॅसमध्ये, बायोगॅस मिसळणंही टप्प्याटप्प्यानं सक्तीचं ठरलंय: 2025-26 ला 1 टक्का, 2028-29 पासून 5 टक्के. गिऱ्हाईक आहे, हे मी मान्य करतो. पण तेल कंपनीचं लेटर ऑफ इंटेंट म्हणजे तुम्ही निर्माण केलेला आणि किमान 90 टक्के मिथेनच्या (जळणाऱ्या वायूच्या) मानकात बसणारा गॅस घेण्याची तयारी. गॅस निघेल, याची हमी ते पत्र देत नाही. त्याच योजनेत 2023-24 पर्यंत 5,000 प्लांट उभे करायचे होते. मुदत संपली तेव्हा लक्ष्याच्या 5 टक्केही उभे नव्हते, तेही गिऱ्हाईक तयार असताना.

अनुदानाचं म्हणाल तर केंद्राच्या 2021-22 ते 2025-26 च्या बायोएनर्जी कार्यक्रमात रोजच्या 4,800 किलो क्षमतेच्या नव्या प्लांटला 4 कोटी धरले होते. अशा प्लांटचा खर्च याच्या अनेक पट असतो, आणि अनुदान तपासणी होऊन मिळतं. तोवर पैसा बँकेचा आणि तुमचाच.

आता दीड टक्का. 5 लाखांवर महिन्याला 7,500 रुपये, वर्षाला 18 टक्के. दाजी, तुम्हाला ते शेअर देतायत की ठेवीची पावती, हे आधी विचारा. शेअर असेल तर ठरलेला परतावा नसतोच, नफा झाला तर लाभांश. ठेव असेल तर लोकांकडून ती घ्यायला कंपनी पब्लिक हवी, आणि तिची नेटवर्थ (देणी वजा जाता मालमत्ता) किमान 100 कोटी किंवा उलाढाल 500 कोटी हवी. शेअर बाजारात नसलेल्या कंपनीला खासगीरीत्या शेअर विकायचे तर वर्षात जास्तीत जास्त 200 जणांना, तेही जाहिरात न करता. जो देकार तीन ग्रुपवर फिरतोय, तो इथंच कायद्याबाहेर गेला. बँकेच्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, इथं एक रुपयाचाही नाही. कंपनी एसएमई बाजारात, म्हणजे शेअर बाजाराच्या छोट्या कंपन्यांसाठीच्या विभागात, नोंदलेली असली तरी शेअर लॉटनंच, म्हणजे ठरलेल्या गठ्ठ्यानंच, विकावे लागतात, आणि घेणारा नसला तर कागदावरचा भाव कागदावरच.

“प्लांट उभा आहे, पळून कुठं जाणार?” प्लांट पळत नाही, पण तो बँकेकडं गहाण असतो. कंपनी दिवाळखोरीत गेली तर शेअरवाल्याचा नंबर सगळ्यात शेवटी. कंपनी मंत्रालयाच्या साइटवर कंपनीचं नाव टाकलं की तिच्यावर कुणाकुणाच्या कर्जाचा बोजा आहे ते दिसतं. दाजींच्या मोबाइलवर आम्ही दोघांनी मिळून पाहिलं. प्लांट, जमीन, यंत्रं, सगळ्यावर बोजा होता.

मोठे उद्योग उतरले की छोट्यांचं सोनं होईल, हेही मला पटत नाही. ते याच प्रेसमडसाठी, याच कारखान्यांच्या दारात उभे राहणार, आणि त्यांना चढा भाव परवडेल.

दाजींना मी एवढंच म्हणालो: गेल्या बारा महिन्यांचा रोजचा गॅस किती निघाला आणि किती विकला, ते रजिस्टर मागा. प्रेसमडचा लेखी करार किती वर्षांचा आणि कोणत्या दरानं, ते पाहा. आणि प्लांट बघायला जानेवारीत जाऊ नका, तेव्हा दारात प्रेसमडचे ट्रॅक्टर लागलेले असतात. ऑगस्टमध्ये, पाऊस कोसळत असताना आम्ही दोघं जाणार आहोत. तोवर 5 लाख बँकेतच राहतील, हे त्यांनी कबूल केलंय.